दुसऱ्या भागातला लाल दिवा

दिवाळीची सुट्टी लागली त्या दुपारी मी पनवेलच्या बाजारात व्हिडिओ गेमची कॅसेट बदलायला गेले होते… घरी कुणाला न सांगता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पाचवीत, मंदारदादा आठवीत. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्या लाइन आळीतल्या घरी आला, तेव्हापासून दादाचा सगळा जीव त्यात होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात दादाला मेंदूज्वर झाला. महिनाभराने हॉस्पिटलमधून तो घरी आला, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं बंद झालं होतं. आम्ही वहीत लिहायचो, तो वाचून बोलायचा… हळूहळू तेही कमी झालं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तो गेलाच नाही. "मला तिथे काही कळणार नाही," एवढंच म्हणाला. बाबा पुण्याच्या एका निवासी शाळेची चौकशी करायला लागले. दादा आता लांब जाणार, या विचाराने मला जेवण जायचं नाही.

आमच्याकडे एकच गेम होता. एक टोपीवाला माणूस खाणीतून चालतो आणि वरून दगड पडतात. दगड पडायच्या आधी बारीक टिकटिक व्हायची… ती ऐकली की मागे सरायचं. बाकी कसलीच खूण नाही. दगड हलायचासुद्धा नाही.

दादा आजारपणाआधी तो गेम डोळे मिटून खेळेल असा खेळायचा. आता तो तिसऱ्या दगडाखाली मरायचा. तीन लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

मग मी शेजारी बसायला लागले. टिकटिक ऐकू आली की त्याच्या खांद्यावर थाप मारायची, असं ठरवलं. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी माझी थाप जरा उशिरा पडली, माणूस मेला, आणि दादाने जॉयस्टिक खाली ठेवली.

"तूच खेळ," तो म्हणाला. "नाहीतरी तुझ्याच कानांनी खेळतोय मी."

त्यानंतर चार महिने त्याने गेमला हात लावला नाही. एकदा तो गच्चीवर असताना मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून खेळून पाहिलं. सात वेळा मेले… तिथेच, तिसऱ्या दगडाखाली. रडू आलं मला.

म्हणून ती कॅसेट बदलून गाड्यांच्या रेसचा गेम आणायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. रेसमध्ये ऐकायचं काय असतं? रस्ता तर दिसतोच.

कॅसेटच्या दुकानातल्या सलीमभाईंनी कपाट धुंडाळलं. "गाडीवाला गेम कालच गेला, बेटा. हा बघ, तुझ्याच गेमचा दुसरा भाग आलाय."

मी त्यांना दादाचं सांगितलं. या गेममध्ये आवाज ऐकावा लागतो, तेही सांगितलं.

"मी काय खेळत नाय, त्यामुळं मला म्हाईत नाय. पण घेऊन जा. पसंत नाय पडला तर वापस आण, काय हरकत नाय."

घरी येईपर्यंत मला वाटत होतं, आपण मोठी चूक केली. त्याला जे जमत नाही, तेच पुन्हा त्याच्यासमोर ठेवायचं… मी कॅसेट उशीखाली लपवली.

दुसऱ्या दिवशी आईने गाद्या उन्हात घालायला काढल्या आणि कॅसेट दादाच्याच हाती लागली. त्याने स्टिकर वाचला, माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने स्वतःच टीव्ही लावून बसला.

मी धावत जाऊन शेजारी बसले आणि सवयीने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. आधी खाण नुसती काळी होती, आता भिंतींना रंग होते, खाली पाणी होतं, त्यात पोहता यायचं. पण माझं लक्ष सगळं टिकटिकीकडे.

टिकटिक झाली. मी थाप मारणार, तेवढ्यात टोपीवाला मागे सरला आणि दगड त्याच्यासमोर पडला. पुन्हा टिकटिक… पुन्हा तो आधीच मागे. मला काही कळेना.

"रेवा, हात काढ," दादा म्हणाला. "दिसतंय मला. दगड पडायच्या आधी त्याच्या टोपीवरचा दिवा लाल होतो."

मी हात काढला. त्या दिवशी तो आठव्या खाणीपर्यंत गेला. आई फराळाचं टाकून दारात येऊन उभी राहिली. दादाने तिला बसायला लावलं आणि कुठलं बटण कशाचं ते मोठमोठ्याने समजावत राहिला… इतकं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने बाबांना विचारलं, "सरांनी ते बोलतात त्यातलं थोडंफार फळ्यावर लिहिलं, तर मला जमेल. तुम्ही विचाराल का त्यांना?"

बाबांनी घास तसाच ठेवला. "तू चल माझ्याबरोबर," त्यांनी वहीत लिहिलं. "तूच विचार."

त्याने विचारलं आणि सर हो म्हणाले. वर्ष सोपं गेलं नाही. सहामाही बुडालीच होती, काही पोरं चिडवायचीही… पण तो आमच्याच घरातून, पनवेलच्याच शाळेतून दहावी झाला. हे सगळं एका गेममुळे झालं, असं मी म्हणणार नाही. शाळेत जायचं धाडस त्याचं होतं, फळ्यावर लिहायचे कष्ट सरांचे.

परवा त्याच्याकडे न्यू पनवेलला गेले होते. मोबाइलवर टाइप करून विचारलं, "दुसऱ्या भागात काय चांगलं होतं, आठवतं?" तो लगेच म्हणाला, "पोहता यायचं." दिव्याचं लिहिलं, तर कपाळाला आठ्या घालून विचार करत बसला. त्याला आठवेचना.

मला फार बरं वाटलं… त्याच्या लेखी तो नुसता एक मजेचा गेम होता. ज्याने कुणी तो दिवा लाल करायचं ठरवलं, त्याने कदाचित सहज गंमत म्हणून केलं असेल… त्या अनोळखी माणसाला, आणि "वापस आण" म्हणणाऱ्या सलीमभाईंना, मनापासून थँक यू. माझा भाऊ घरी राहिला.