सहाव्या माणसापर्यंत

आमच्या रांगेत पाच दुकानं. एक माझं, झेरॉक्सचं, आणि त्याला भिंत लावून रेडिओताईचं. गेल्या दहा वर्षांत तिच्याकडे आलेले रेडिओ एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मिक्सर येतात, पंखे येतात, चहा सांडलेले रिमोट येतात. पण नाव पडलं ते पडलं. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी अकराव्या वर्षी तिच्या हातात सोल्डर दिलं आणि बजावलं, दोष सापडल्याशिवाय डाग द्यायचा नाही आणि तपासल्याशिवाय वस्तू परत करायची नाही. ताई आता चोपन्न वर्षांची आहे. हे तिनं अजून मोडलेलं नाही, आणि त्यापायीच त्या मशीननं तिला रडकुंडीला आणलं.

मशीन चौकापलीकडच्या एका सलूनवाल्याचं. कपाटाएवढं उंच, मध्ये काचेचा पडदा, खाली एक दांडी आणि सहा बटणं. जुना मारामारीचा खेळ. आपला एक माणूस, समोर मशीनचा एक माणूस, ज्याची ताकदीची पट्टी आधी संपेल तो आडवा. एकाला पाडलं की पुढचा येतो, असे आठ. नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून सलूनवाल्यानं ते कुठूनसं उचलून आणलं होतं.

"पाच जणांना पाडलं की बंद पडतं बघा," तो म्हणाला. "सहावा येतो न येतो तोच पडदा काळा. मग आपोआप सुरू होतं, पण पहिल्यापासून. लोक माझ्या नावानं खडे फोडतायत."

"ठेवा. दोन दिवसांत बघते," ताई म्हणाली.

दोन दिवसांत काहीच निघालं नाही. मशीनमध्ये स्वतःचं स्वतः तपासून घ्यायची सोय होती. ती दर वेळी 'सगळं ठीक' एवढंच सांगायची. ताईनं मागचं दार काढून बोर्डाला फुंकर मारली, ड्रायरनं गरम केलं, तारा हलवून पाहिल्या. कशाला काही होईना. बोर्डावर सत्तर-ऐंशी चिपा आणि त्यांचे शेकडो सांधे. सगळ्यांना डाग देत बसलं तर तो म्हातारा बोर्ड भाजून निघेल. म्हणजे बिघाड डोळ्यांसमोर व्हायला हवा होता, आणि तो तर सहाव्या माणसापाशी दडून बसलेला.

"तुमचा तो चांगला खेळणारा कोण आहे, त्याला पाठवा," तिनं सलूनवाल्याला निरोप धाडला.

एक टॅक्सीवाला आला. गाडी चालू ठेवूनच आत शिरला, आणि फोन कान-खांद्यात धरून बोलत, दांडी-बटणं बडवत त्यानं दहा मिनिटांत पाच जण लोळवले. सहावा आला. पडदा लख्ख. टॅक्सीवाल्यानं त्यालाही पाडलं आणि म्हणाला, "काही झालेलं नाहीये याला, ताई." आणि निघून गेला.

मशीन परत गेलं आणि तिसऱ्या दिवशी हातगाडीवरून पुन्हा आलं. सलूनवाला सोबतच होता.

"वा! चांगली दुरुस्ती केलीत," तो म्हणाला.

ताईची मान लाल झाली. काय चुकलं ते तिला त्याच क्षणी कळलं होतं. सलूनमध्ये मशीन दिवसभर चालू असतं, आतून तापलेलं. टॅक्सीवाला आला तेव्हा ते गार होतं. आधी तासभर चालू करून ठेवलं असतं तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं.

"एवढी साधी गोष्ट," ती मला म्हणाली, "आणि मी तिथं स्टुलावर बसून बघत होते! बघत होते नुसती!"

टॅक्सीवाल्याला पुन्हा बोलावलं, तर त्याला सवड नव्हती. मग ताईनं नाक मुठीत धरून ठरवलं की आपणच खेळायचं. मशीन सकाळी चालू करायचं आणि दुपारी, गिऱ्हाईक नसताना, बसायचं. आतल्या एका बटणानं नाणं न टाकता खेळ सुरू व्हायचा, तेवढीच काय ती सोय. खेळ सोपा करायचे बारके स्विच होते, पण आधीच्या कुणा मेकॅनिकनं ते उखडून तारा थेट जोडून टाकल्या होत्या. आणि हरलं की पुन्हा पहिल्या माणसापासून.

पहिला होता एक जाडा पहिलवान. ताईनं बटण दाबलं, त्यानं ठोसा अडवला, तिला उचललं आणि आपटलं. असं दोनदा. खेळ खलास. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही.

तिचे दीर रोज दुपारी दुकानात येऊन बसायचे. बसकंडक्टर होते, निवृत्त झाल्यापासून घरात करमेना. ताईचे यजमान गेल्यापासून वहिनीला सोबत म्हणून येतो, असं सांगायचे. सोबत म्हणजे सल्ले.

"वहिनी, उडी मारा ना! उडी मारून वरून लाथ घाला!"

ताईनं उडी मारली. पहिलवानानं तिला हवेतच झोडपलं.

"उशीर केलात. जरा आधी मारायची."

जरा आधी मारली. तरी झोडपलं.

"भावोजी, तुम्ही खेळता का?"

"छे छे, माझे डोळे कुठे तेवढे!"

चार दिवस असं चाललं होतं. भिंतीपलीकडून मला बटणांचा खडखडाट, मग ताईचा "हात मेल्या!" आणि मग भावोजींचा "मी काय म्हणत होतो" ऐकू यायचं. पाचव्या दिवशी भावोजींचा आवाजच नाही. मी डोकावलो. ते दाराबाहेर खुर्ची टाकून फुगून बसले होते. आत ताई मशीनसमोर, बटणाला बोटही न लावता. दांडी मागे ओढून धरलेली, बस. पहिलवान ठोसे मारतोय आणि तिचा माणूस हात आडवे धरून मुकाट सोसतोय.

"हे काय करतेयस?" मी विचारलं.

"बघतेय. बिघडलेला पंखा आला की आधी बघतेच ना कसा फिरतो ते? इथं आल्या आल्या मारत सुटले, तिथंच गाढवपणा झाला."

एक अख्खी दुपार ती फक्त अडवत राहिली. माझ्याकडचे वाया गेलेले कागद मागून नेले आणि पाठकोऱ्या बाजूवर खुणा करत बसली. तिच्या लक्षात आलं की दांडी मागे आणि खाली धरली, माणूस बसवून ठेवला, की बहुतेक सगळे वार अडतात. वरून उडी मारून येणाऱ्यासाठी तेवढं उभं राहायचं. दुसरं कळलं त्यानं ती आणखीच भडकली.

"हे मशीन माझा हात बघतं रे! मी बटण दाबलं की त्याच क्षणी त्याला कळतं. माणसाला डोळ्यांनी बघून मग हलावं लागतं, याला डोळेच नकोत. मी आधी मारलं की मेलेच!"

"मग?"

"मग आधी त्यालाच मारू द्यायचं. त्याचा वार फुकट गेला की हात मागे घ्यायला त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यात खालून पायात लाथ घालायची. एकच, आणि परत बसायचं. हाव धरली की संपलं."

बोलायला सोपं. करायला तिला आणखी आठ दिवस लागले, कारण हाव सुटत नव्हती. पहिलवान पडू लागला, दुसराही पडू लागला, पण तिसरा होता एक लांब टांगांचा शिपाई. एक लाथ नेमकी बसली की ताईचं बोट आपोआप आणखी तीनदा दाबायचं, आणि शिपाई तिला कोपऱ्यात दाबून तुडवायचा. ती मशीनला चापट मारायची. मग स्वतःच्या हाताला चापट मारायची. बाकावर तीन मिक्सर तसेच पडून राहिले. एक बाई आपला मिक्सर न दुरुस्त होताच घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "तुमचं खेळणं झालं की सांगा."

ते तिला फार लागलं.

"मला हौस आहे का?" ती माझ्या काउंटरवर येऊन म्हणाली. "या डब्याला मी एका बोटानं बंद करू शकते. बोर्ड काढून हातात घेऊ शकते. आणि तो शिपडा मला लाथा घालतो!"

शिपायावरचा उपाय तिला घड्याळात सापडला. पडद्यावर वरच्या बाजूला नव्याण्णवपासून आकडे उलटे मोजले जायचे. शून्य झालं की ज्याची पट्टी जास्त शिल्लक तो जिंकला. म्हणजे पाडलंच पाहिजे असं नव्हतं. एक लाथ नीट बसवायची आणि मग शून्य येईपर्यंत अडवत बसायचं.

"ही लबाडी झाली," भावोजी दारातून म्हणाले. रुसवा तोवर निवळला होता.

"होऊ दे."

अशा खेळात एकेका माणसाला चार-चार मिनिटं लागायची. बघवायचं नाही. चौथा, मुखवटेवाला, नुसता अडवत बसणारा निघाला, त्याच्यासाठी ती जवळ जाऊन उचलून आपटायला शिकली. अडवणाऱ्याला आपटता येतं. पाचवा लांबून आगीचे गोळे फेकायचा. त्याच्यापुढे तिनं नऊ वेळा हात टेकले. एकदा तर आठ सेकंद उरलेले, पट्टी तिची जास्त, आणि दारात कुणीतरी विचारलं, "घड्याळाचे सेल आहेत का?" ताईनं फक्त मान वळवली. गोळा बसला. सेल विचारणाऱ्या त्या सभ्य गृहस्थाला तिनं जे काही ऐकवलं, त्यानंतर ते आमच्या रांगेत दिसले नाहीत.

आणि एका दुपारी पाचवा पडला. मी आवाज ऐकून धावलो तर पडदा काळा, आणि ताई दोन्ही मुठी उंच करून ओरडत होती, "गेलं! गेलं! बंद पडलं!" इतक्या आनंदानं बिघाडाचं स्वागत करणारी बाई मी पाहिली नव्हती.

"काय दिसलं बंद पडताना?" मी विचारलं.

तिच्या मुठी हळूहळू खाली आल्या.

"मी... डोळे मिटले होते रे. पाचवा पडला त्या आनंदात." मग भावोजींकडे वळून, "तुम्ही बघत होता ना?"

"बघत होतो की. तुमच्याकडे."

ताई स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मलाही वाईट वाटलं आणि लाजही वाटली. मोबाइल पडद्याकडे रोखून ठेवायचं आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुन्हा पाच माणसं. सहा दिवस लागले, पण या वेळी मोबाइल होता. चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली तेव्हा दिसलं, सहाव्याच्या मागचा पूल नीट येतो, आकाश नीट येतं, आणि जिथं तो माणूस उभा राहायचा तिथं रंगीत चौकटींचा चिखल. मग अंधार.

"माणसांची चित्रं," ताई पुटपुटली. "पाठीमागचं नाही, माणसांचीच. ती या चार चिपांत असतात. यांच्यापैकीच एक." मशीनची ती 'सगळं ठीक' सांगणारी तपासणी या चिपांकडे बघतच नव्हती, हेही तेव्हाच उमगलं. मशीन गरम असतानाच तिनं भिंग लावलं आणि लाकडी काडीनं एकेका चिपेच्या बैठकीचे, म्हणजे सॉकेटचे, पाय हलवून पाहिले. तिसरीचा, म्हणजे सहाव्याचं चित्र बहुधा जिच्यात होतं तिचा, एक पाय केसभर हलला. गार असताना तो चिकटून राहायचा, तापला की सुटायचा. एक डाग. दहा सेकंदांचं काम.

सलूनवाल्याला फोन गेला. तो तासाभरात हातगाडी घेऊन हजर.

"आज नाही," ताई म्हणाली. "तपासलेलं नाही."

"अहो, सापडलं म्हणालात ना? माझ्याकडेच तपासतील लोक!"

"मागे गारच तपासून दिलं होतं. तेव्हा 'वा' कोण म्हणालं होतं?"

तो रिकामी हातगाडी घेऊन गेला. आणि ताईला पुन्हा शिपाई जड जाऊ लागला. का, ते देव जाणे. दोष मिळाला होता, हात सैल पडला होता, की नुसता कंटाळा. चार दिवस ती तिसऱ्याच्या पुढे सरकेना. पाचव्या दिवशी दांडी सोडून तिनं डोकं पडद्याच्या काचेला टेकलं आणि म्हणाली, "मला हे आवडत नाही. मला हे मुळीच आवडत नाही." भावोजींनी पहिल्यांदाच काही सुचवलं नाही. उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

सातव्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमाराला, मशीन चांगलं तापलेलं असताना, पाचवा पडला. डोळे उघडे. मोबाइल माझ्या हातात. पडदा लख्ख राहिला. पुलावर एक बुटका, टकला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा होता. हात मागे बांधलेले.

"आला," भावोजी हळूच म्हणाले.

ताईनं दांडी मागे ओढून माणूस बसवला. म्हातारा चालत जवळ आला, तिच्या सगळ्या बंदोबस्तातून आरपार गेल्यासारखा, आणि त्यानं काय केलं ते आम्हांला कळलंही नाही. मी नंतर चित्रफितीत मोजलं. दोन्ही डाव मिळून एकवीस सेकंद.

"झालं की, वहिनी! दुरुस्त झालं!" भावोजींनी टाळ्या वाजवल्या.

ताईनं वळूनही पाहिलं नाही. "त्याला खालून लाथ लागतच नाही," ती म्हणाली. "पाहिलंस का? लागतच नाही."

संध्याकाळी सलूनवाला आला. एक पाय सुटला होता, एवढ्याला दीड महिना लागला, हे त्याला पटेना. ताईनं समजावलं नाही. मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवा म्हणजे कमी तापेल, एवढं सांगितलं. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. दोन माणसांनी मशीन हातगाडीवर चढवलं, दोरीनं बांधलं आणि रस्त्यानं नेलं.

मी दारात उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "चला, सुटलीस एकदाची."

"सुटले कसली," ताई म्हणाली. तिनं बाकावरचा पहिला मिक्सर पुढे ओढला आणि त्याचे स्क्रू इतक्या जोरात सोडवायला घेतले की एकाची खाच तुटली.