कोहिनूरचा शेरीफ

लग्नांचे व्हिडिओ काढून काढून मी वैतागलो होतो. दहा वर्षं दुसऱ्यांच्या नवरदेवांना घोड्यावर चढवलं, आता एकदा स्वतःचा सिनेमा काढायचाच, असं ठरवलं. बीदरच्या एका कॉलेजात मोबाईलवरच्या सिनेमांची स्पर्धा होती. शनिवारपर्यंत पाठवायचा होता. लहानपणी टीव्हीवर पाहिलेले टोपीवाल्या घोडेस्वारांचे इंग्रजी सिनेमे डोक्यात होते. आमच्या कोहिनूर गावात घोडेस्वार कुठून आणणार? म्हणून आमच्या गोठ्यालाच कामाला लावलं.

म्हैस घोडा झाली, काळा बोकड डाकू. आणि डाकूंना पकडणारा शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार, आमचा तांबडा कोंबडा. त्याची चालच तशी होती. घरातली माणसंसुद्धा त्याला वाट सोडायची. चहाच्या कागदी कपाची टोपी मी त्याला रबरानं बसवली.

चार दिवस नुसता छळ. डाकूनं पुठ्ठ्याचा दारूचा गुत्ता दारासकट खाल्ला. ऐन पाठलागात घोडा खाली बसून रवंथ करू लागला. शेवटची समोरासमोरची झुंज तर जमेचना. ज्वारी टाकल्याशिवाय दोघं समोर येत नव्हते, आणि ज्वारी टाकली की शेरीफ आणि डाकू एकाच जागी माना घालून सख्ख्या भावांसारखे खायचे. बुधवारी माझं डोकं फिरलं. कागदी टोपी मी पायाखाली चुरगाळली.

तेवढ्यात आई म्हणाली, "त्या कोंबड्याला कोंडून ठिव. उद्या दर्ग्याला त्याला कापून कंदुरी करायची हाय."

"ह्याचीच कामून?"

"नवसाचा हाय त्यो. तुला काय वाटलं, उगंच पोसायलाव व्हय त्याला?"

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी हातापाया पडलो. शनिवार जाऊ दे म्हणालो, बाजारातून दुसरा आणून देतो म्हणालो.

"बोललेला कोंबडा बदलता येत न्हाई."

"पण नवस बोलायला सांगितलं कुणी तुला?" मी ओरडलोच.

आई सुपात ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. "मागल्या साली तू मन्नाएखेळ्ळीजवळ गाडीवरून पडलास. पाय ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई म्हनला डाक्टर. तवा बोलले. तवा हे एवढंसं पिल्लू हुतं."

ती पुन्हा निवडायला लागली. माझा राग तसाच होता, फक्त तो काढायचा कुणावर हे कळेना.

रात्रभर विचार करून सकाळी एक तोड काढली. झुंज गेली तर गेली, शेवट तरी साधू. त्या सिनेमांत शेवटी शेरीफ आपल्याकडं पाठ करून लांबच्या रस्त्यानं निघून जातो. मी म्हणालो, "आई, तू कोंबडा घेऊन पुढं चाल. मी मागून शूटिंग करतो."

"माझ्या डोक्यावर मलिद्याची टोपली हाय. कोंबडा तूच उचल," ती म्हणाली. "पाय तुझा हाय."

उचलला. दर्ग्याचा रस्ता सरळ, तांबडा, रिकामा. वाऱ्यानं धूळ उडत होती. चार दिवस एक जागा न धरणारा शेरीफ माझ्या हातांत मान ताठ करून समोर बघत होता. असं दृश्य मला एकदाही मिळालं नव्हतं, आणि आता माझे दोन्ही हात गुंतलेले, फोन खिशात. चरफडत मी मागून येणाऱ्या आईकडं वळलो. निदान तिनं तरी हे बघावं.

आई बघतच होती. शेरीफकडं नव्हे, माझ्या पायाकडं.