शिक्क्याची फळी

“प्लास्टिक नको, रंग नको, डिंक नको, खिळा नको! दुकानात माझ्या हातातून सशाची खेळणी काढून परत ठेवलीत तुम्ही, बाबा. आणि विष आलं ते आपल्याच बाल्कनीतून!” सून ओट्यापाशी उभी होती. हातातलं कोरडं फडकं ती उगाचच पिळत होती.

“विष काय म्हणतेस,” मुलगा पुटपुटला.

“मग काय टॉनिक म्हणू?”

म्हातारा स्टुलावर बसून ऐकत होता. इमारतीत त्याला सुतारकाका म्हणत. फर्निचरच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं काढलेला माणूस. आधी बायको गेली, मग कारखाना बंद पडला, तेव्हा मुलाने त्याला इथे आणलं. बाल्कनीत पेटी मांडून तो कामाची वाट बघत बसला. पण हल्ली कपाटं खोक्यातून येतात, स्क्रूसकट. त्याला कोण विचारतो!

मग नातीसाठी ससा आला. सशाचे दात जन्मभर वाढतात, कुरतडायला काही दिलं नाही तर तोंड मिटेनासं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि म्हाताऱ्याला जणू नोकरीच लागली. त्याने शिडी केली, कड्या केल्या, खुंटीवर फिरणारे ठोकळे केले. सगळे सांधे खाचेत बसवलेले. कडा इतक्या मऊ, की नात त्या गालावर फिरवून बघायची. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सहा नग विकायला ठेवून घेतले, तेव्हा म्हातारा आठवडाभर ताठ मानेने चालला होता.

लाकूड मात्र गोदामामागे टाकलेल्या खोक्यांचं. फळ्या सुक्या, सरळ रेषांच्या, आणि प्रत्येकीवर एक काळा शिक्का. कारखान्यात असा शिक्का म्हणजे मळ. रंध्याचा पहिला हात त्याच्यावरच मारायचा. त्यात काय लिहिलंय ते बघणारे साहेब वेगळे. इथे साहेब कोणी नव्हता. हात आपला सवयीने चालला आणि शिक्का भुशात गेला.

ससा खाईनासा झाला, तेव्हा काल डॉक्टरांनी उरलेली एक फळी मागवून घेतली आणि शिक्का वाचून दाखवला. कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड. वरून तासून ते जात नाही.

“आजोबा,” पिंजऱ्याजवळून नात म्हणाली. सशाच्या ओठांना पाण्याची पिचकारी लावून ती कधीची बसली होती. पाणी हनुवटीवरून खाली ओघळत होतं. “तुम्हाला वाचता येतं ना?”

“येतं गं.”

“मग वाचलं का नाही?”

सुनेचे हात थांबले. मुलाने खिडकीबाहेर बघितलं. म्हाताऱ्याने स्टुलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचणारा माणूस.

“डॉक्टर काय म्हणाले?” त्याने मुलाला विचारलं.

“आशा ठेवू नका म्हणाले. यकृत गेलंय.”

“मी सकाळी दुकानात जाऊन आलो. चार नग परत आणले.”

“आणि बाकीचे दोन?” सुनेने विचारलं.

“विकले गेले. कोणी नेले ते त्याला आठवत नाही. खेळणी परत आणा अशी पाटी लावा म्हटलं, तर म्हणाला, काका, माझं गिऱ्हाईक तोडता का?”

कुठल्यातरी घरात कुठलंतरी पोर आपल्या सशापुढे ती शिडी कौतुकाने धरत असणार, हे चौघांनाही दिसत होतं. दार कोणाचं ठोठावायचं तेवढं कळत नव्हतं.

“जेवून घ्या, बाबा,” सून अखेर म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि त्याला तेच जास्त लागलं.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

“बाल्कनी उद्या रिकामी करतो,” तो म्हणाला. “कपडे वाळत घालायला तुम्हाला जागा होईल. यापुढे मी लाकडाला हात लावणार नाही.”