मुलांच्या उंचीवर टांगलेला परवाना

शरयू मावशी गेल्याचं मला निनादने कळवलं. खलिफा सिटीतल्या ऑफिसात मी एका व्हिलाच्या जिन्याचं ड्रॉइंग तपासत बसले होते, तेव्हा फोनवर त्याचा मेसेज आला. ‘मॅम गेल्या. पुण्यात, आज सकाळी, झोपेतच.’ मी तो दोनदा वाचला. शारजातल्या एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही दोघं वाढलो, निनाद माझ्याहून थोडा लहान. आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं तिला मावशी म्हणायची, शाळेतसुद्धा. शाळेतले शिक्षक त्यावरून रागवायचे, तरी म्हणायची. मग निनादने ‘मॅम’ का लिहिलं असेल, असं उगाच मनात आलं... आणि मग मी ड्रॉइंग बंद करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आता पाच-सहा आठवडे होऊन गेलेत. मराठीत लिहायची मला फारशी सवय नाही, शाळेत मी मराठी कधी शिकलेच नाही. पण तिच्याबद्दल इंग्रजीत लिहायला घेतलं की ती मला ओळखूच येत नव्हती.

शरयू मावशी आमच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ होती. दारावरच्या पाटीवर ‘काउन्सेलर’ असं असायचं, पण तिचं खरं काम चाचण्यांचं. एखाद्या मुलाला वाचता येत नाही, ते त्याचं लक्ष नसतं म्हणून की अक्षरंच त्याच्याशी खेळ करतात म्हणून, हे शोधून ती अहवाल लिहायची. त्या अहवालावर मूल कुठल्या वर्गात बसणार, परीक्षेत त्याला जास्त वेळ मिळणार की नाही, हे ठरायचं. तिचे यजमान, आमचे काका, रास अल खैमाच्या सिरॅमिकच्या कारखान्यात होते आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. त्यामुळे आठवडाभर मावशी एकटी असायची आणि बऱ्याचदा आमच्याकडेच जेवायची. आईची आणि तिची घट्ट मैत्री होती. बिल्डिंगमधल्या बाकीच्या बायका मात्र तिला शिष्ट म्हणायच्या. हळदीकुंकवाला, गणपतीला ती यायची, नीट नेसून, हसतमुखाने. पण समोरून कुणाचं मूल आलं की तिची नजर हलकेच दुसरीकडे वळायची. ताटातल्या फुलांकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे. मुलाने ‘हॅलो मावशी’ म्हटलं तर चेहरा असा उजळायचा की बघत राहावं. नाही म्हटलं तर ती फुलंच बघत राहायची. याबद्दल सगळ्यात जास्त बोलायच्या त्या निनादची आई, पेडणेकर काकू. “शाळेत मोठी असेल, इथे काय? माझा मुलगा समोर उभा होता, कसा आहेस म्हणायला काय जातं तिचं?”

मंदी आली तेव्हा मी आठवीत होते. बाबांची कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये टॉवरसाठी लोखंडी तुळया बनवायची. टॉवर थांबले, मग तुळया थांबल्या. शाळेच्या ऑफिसबाहेर दाखले नेणाऱ्या पालकांची रांग लागायची आणि स्कूलबसमध्ये रोज एखादी खिडकी रिकामी दिसायची. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि व्हिसा गेला की आपण जाणार, हे आमच्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण घरात कुणी त्याचा उच्चार करायचं नाही. मी आधीच अबोल होते. त्या वर्षी शाळेत माझं बोलणं पूर्णच बंद झालं. घरी बोलायचे, थोडं. शाळेच्या फाटकातून आत गेलं की तेही नाही. तोंडी परीक्षांमध्ये मी उभी राहायचे आणि खाली बसायचे. शेवटी शाळेने आई-बाबांना बोलावून सांगितलं, की एकतर तज्ज्ञांचा अहवाल आणा, नाहीतर तुमच्या सईसाठी दुसरी शाळा बघा, इथे तिला पुढच्या वर्गात घेता येणार नाही.

आईला यात काळजीचं काही वाटलं नाही. तज्ज्ञ तर रोज आपल्या टेबलाशी बसून आमटी-भात खाते. त्या संध्याकाळी तिने मावशीसाठी मुद्दाम अळूवड्या केल्या आणि जेवण झाल्यावर विषय काढला. मी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. मावशीने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “मला नाही लिहिता येणार, सुधा.” आईला वाटलं, थट्टा करते आहे. पण मावशीने शांतपणे दोन कारणं सांगितली. पहिलं, ती आमच्या घरातली आहे. सई तिच्यासमोर जे बोलेल ते मावशीसाठी बोलेल, आणि ती जे लिहील ते मैत्रिणीच्या मुलीसाठी लिहील. दुसरं, सरकारचा नवा नियम आला होता. मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायच्या तर परवाना हवा, आणि तो तिच्याकडे नव्हता. पुण्याची पदवी जुनी, त्यात एक-दोन विषय कमी पडत होते. कुणा परवानाधारकाच्या हाताखाली काम करायचं, मग परीक्षा द्यायची, तेव्हा मिळणार. प्रिन्सिपॉल म्हणाले होते, तुमचं पद बदलून टाकू, कल्याण समन्वयक असं काहीतरी नाव देऊ, काम चालू राहू द्या, कोण बघतंय. तिने त्याच दिवशी चाचण्यांची पेटी कपाटात ठेवून किल्ली ऑफिसात दिली होती.

आईचा आवाज चढला. इतकी वर्षं हेच काम करतेस, तेव्हा कुठे होता परवाना? माझ्या मुलीच्या वेळीच बरा आठवला नियम.

मावशी बाबांकडे वळली. “भाऊजी, तुमच्याकडे यार्डात क्रेन चालवायला परवाना लागतो ना? कुणी म्हणालं, मी वीस वर्षं चालवतोय, मला काय विचारता... बसवाल त्याला क्रेनवर?”

बाबा म्हणाले, “नाही.”

“खाली माणसं असतात म्हणून. माझ्या खालीही असतात.”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. नंतर कित्येक महिने मावशीचं ताट आमच्याकडे मांडलं गेलं नाही. मी काय वाटून घेतलं ते आता नेमकं सांगता येत नाही. इतकं आठवतं, की आपल्याला वाचवू शकणारं एकच माणूस होतं आणि ते वाचवायला तयार नाही, असं वाटलं होतं.

तिने आम्हाला दुबईतल्या एका परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं नाव दिलं. रीम, जॉर्डनची, वयाने मावशीला मुलगी शोभेल अशी. दुबईला जाताना आई रस्ताभर तोंड वळवून खिडकीबाहेर बघत होती. रीमने पहिल्या भेटीत मला काहीच विचारलं नाही. ती स्वतःच तुकड्यांचं एक जिगसॉ कोडं जुळवत बसली. दुसऱ्या भेटीत तिचा एक तुकडा चुकीच्या जागी बसत होता, तो मी हलवला. तिसऱ्या भेटीत मी बोलले. पहिलं वाक्य असं, “वी माइट हॅव टु गो बॅक.” मग बाकीचं सगळं आलं. तिला आमची बिल्डिंग ठाऊक नव्हती, आई ठाऊक नव्हती, तिच्याकडून काहीही कुठल्या काकूपर्यंत पोचणार नव्हतं. मावशीसमोर मी हे कधीच म्हटलं नसतं. आईने केलेल्या अळूवड्या खाणाऱ्या माणसासमोर मी ‘आय ॲम फाइन’ म्हटलं असतं, शहाण्या मुलीसारखं, आणि अहवालात तेच आलं असतं. रीमच्या अहवालावर शाळेने माझ्या तोंडी परीक्षा रिकाम्या खोलीत, एकाच शिक्षिकेसमोर घेतल्या. मी शाळेत राहिले. बाबांची नोकरीही कशीबशी टिकली.

मावशी तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होती. परवाना मिळेपर्यंत दार लावून कुठल्या मुलाशी बोलायचंही नाही, असं तिने ठरवलं होतं आणि शाळेने तिला दुसरं काम दिलं होतं. दर शनिवारी ती बसने दुबईला जायची, रीमच्या हाताखाली. जिने कित्येक तरुण शिक्षकांना घडवलं होतं, ती आता केसात पांढरं आल्यावर एका पोरीकडून स्वतःचे अहवाल तपासून घेत होती. रीम एकेका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची आणि म्हणायची, “हाऊ डू यू नो धिस, शरयू? यल्ला, अगेन.” ‘यल्ला’ म्हणजे चल, चल. हे मावशीनेच हसत हसत मला सांगितलं. त्याच सुमारास एका दुपारी तिने मला जिन्यात थांबवलं होतं. म्हणाली, परीक्षेचे प्रश्न इंग्रजीत आहेत, बारीक अक्षरात. तुझे उच्चार चांगले आहेत, रोज थोडा वेळ वाचून दाखवशील का? मी मान हलवली. मग रोज दुपारी तासभर तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि ती डोळे मिटून उत्तरं द्यायची. चुकली की स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची. परीक्षेत पहिल्यांदा ती नापास झाली. लपवलं नाही. आई तिच्याशी बोलत नव्हती, तरी दारात येऊन तिने सांगितलं, “सुधा, नापास झाले गं.” आईने दार पूर्ण उघडलं. म्हणाली, “आत ये. जेवलीस का?”

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. परवाना आल्यावर तिने तो फ्रेम करून शाळेतल्या आपल्या खोलीत लावला, पण भिंतीवर इतका खाली, की मोठ्या माणसाला वाकून वाचावा लागे. शाळेचा सुतार म्हणाला होता, मॅडम, इथे कुणाला दिसणार? तिने खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांची उंची हाताने दाखवली. आपलं मन ज्याच्या पुढ्यात उघडायचं, त्या माणसाला तो हक्क कुणी दिला, हे त्या मुलाला वाचता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

शेवटची भेट दीड वर्षापूर्वीची, पुण्याला. ती निवृत्त होऊन गेली होती, थकली होती, पण नजर तीच. खूप दिवस मनात असलेला प्रश्न मी विचारला, की ते प्रश्न वाचायला लावणं, तो माझ्यावरचा उपचार होता ना? ती गंभीर झाली. “नाही. तुला न सांगता तुझ्यावर उपचार? छे. माझा चष्मा बदलायला झाला होता, आणि काका आठवडाभर कारखान्यावर, वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं.” मग म्हणाली, “तू बोलायला लागलीस ते मला दिसत होतं. पण त्याचं श्रेय माझं नाही, हेही दिसत होतं.” मी आजवर इतकं सरळ उत्तर कुणाकडून ऐकलेलं नाही. श्रेय घ्यायला तिला काय हरकत होती... मी तर ते हातात घेऊनच गेले होते.

ती गेल्यानंतरच्या शुक्रवारी बिल्डिंगमधल्या जुन्या लोकांनी पेडणेकरांकडे जमायचं ठरवलं. कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, बाई चांगली होती, फक्त जरा शिष्ट. चहाचे कप भरणाऱ्या पेडणेकर काकूंनी किटली खाली ठेवली. “शिष्ट नव्हती ती,” त्या म्हणाल्या. “मीच तसं म्हणत सुटले होते. तिला विचारून.” निनाद दारापाशी उभा होता. त्याने आईकडे बघून मान हलवली, सांग म्हणून. तेव्हा कळलं, की परवाना मिळाल्यानंतरची दोन वर्षं निनाद तिच्या खोलीत जात होता. कशासाठी, ते काकूंनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बिल्डिंगमध्ये कळू नये म्हणून काकू घाबरल्या होत्या. मावशीने त्यांना सांगितलं होतं, तुम्ही खुशाल माझ्यावर रागावलेल्या राहा, मी त्याला बाहेर ओळखही दाखवणार नाही, तो आधी बोलला तरच बोलेन. “आणि आम्ही रागावलेल्याच राहिलो सगळ्या,” काकू म्हणाल्या. “हळदीकुंकवाला मी तिला टोमणे मारायचे आणि ती फुलांकडे बघायची. एकदा जिन्यात मी माफी मागितली. तर म्हणते, छान जमतंय तुम्हाला, चालू ठेवा.” आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला. मला वाटतं, आम्ही दोघी त्या वेळी तेच मोजू पाहत होतो: ताटातल्या फुलांकडे, घड्याळाकडे वळलेल्या तिच्या नजरा, आणि त्या प्रत्येक नजरेमागे उभं असलेलं कुणाचं तरी मूल. कुणाचं, ते आता कधीच कळणार नाही. तिने तशीच व्यवस्था करून ठेवली होती.

गेल्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात माझ्या एका जुन्या प्रमाणपत्रासाठी जायचं होतं. जाता जाता तिच्या खोलीशी थांबले. आता तिथे एक तरुण मल्याळी मॅडम असतात. त्या नव्हत्या, दार उघडं होतं. मावशीने निवृत्तीच्या दिवशी स्वतःचा परवाना स्वतःच्या हाताने काढून नेला होता. खिळा तसाच राहिला, आणि नव्या मॅडमनी त्यांचा परवाना त्याच खिळ्याला लावला आहे, तसाच खाली. मी मुलांच्या खुर्चीवर बसले. तो सरळ डोळ्यांसमोर आला.

बाहेर पडले तेव्हा भिंतीलगतच्या बाकावर एक मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. आईच्या मजल्यावरच राहते, लिफ्टमध्ये नेहमी भेटते. तिने मला बघितलं. मी नोटीसबोर्डाकडे वळले आणि स्पोर्ट्स डेची सूचना वाचू लागले, पुन्हा पुन्हा, तिला ठरवायला वेळ मिळावा म्हणून. ती काही बोलली नाही. मीही नाही. मग मी जिना उतरले.