फलकावरचा कोरा चौकोन

बाटल्यांची झाकणे बनविणाऱ्या आमच्या कारखान्यातील हिशेबनीस बाईंना सर्वजण टाचणीबाई म्हणत. दर सहा महिन्यांनी त्या कंपनीच्या नफ्यातोट्याचा कागद दरवाजाजवळच्या फलकावर चार टाचण्यांनी स्वतः लावीत. कायद्याची तशी सक्ती नव्हती. मी तेथे पहारेकरी होतो व मला वाचता येत नसे. म्हणून बाई मला आकडे वाचून दाखवीत.

एका वर्षी मोठे गिऱ्हाईक सुटले आणि प्रथमच तोटा झाला. मालकांनी कागद अडविला.

"कोणी मागितलाय का, बाई? मग आपणच आपली लक्तरं वेशीवर कशाला टांगायची?"

"साहेब, बारा वर्षं न मागताच लावला. आज नाही दिसला तर लोक विचारतील."

"विचारू देत. तुम्ही तोंडाला कुलूप लावा."

फलक कोरा राहिला. बाईंचे कामात चित्त लागेना. त्या वारंवार खिडकीशी येत, फलक पाहत व परत जात. तोटा वास्तविक चार लाखांचा होता; तिसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी तो चाळीस लाखांचा झाला.

"कारखाना विकला म्हणे, बाई! यंत्रांबरोबर आम्हालाही मोजून दिलंत का?" असे फिटरने विचारले. बाई हसल्या नाहीत.

चौथ्या दिवशी प्लॅस्टिकचे दाणे उधारीवर पुरविणारा व्यापारी ट्रक घेऊन आला आणि फलक पाहून बाहेरच थांबला. दाण्यांवाचून उद्या यंत्रे बंद पडणार होती.

"मावशी, या कोऱ्या फलकाच्या भरवशावर माल कसा उतरवू?" त्याने बाईंना विचारले.

बाई तडक मालकांकडे गेल्या. "साहेब, बाहेर जो तो मनाला येईल तेवढा तोटा सांगतोय. आपण चार सांगितले तर निदान चारच राहतील."

मालक बराच वेळ येरझारा घालीत राहिले. "लावा. पण ट्रक परत गेला तर खापर तुमच्या डोक्यावर!"

बाईंनी चार टाचण्यांनी कागद लावला. व्यापाऱ्याने तो दोनदा वाचला.

"गिऱ्हाईक गेल्याचंही लिहिलंय?"

"घडलं ते लिहिलंय."

"अर्धा माल उधारीवर उतरवतो. बाकीचा रोखीनं."

हमाल ट्रकवर चढले. मालकांनी वरच्या खिडकीतून ओरडून विचारले, "बाई, किती?"

"अर्धा!"

"आणि बाकीचा?"

"रोखीनं! खाली या, साहेब. याच कागदाची प्रत घेऊन आत्ता बँकेत कर्ज मागायला जाऊ."