टाकानिनीत हिरियारू जेवायला येतात

तुमच्या घरातल्या मेलेल्या माणसांना तुमचा आत्ताचा पत्ता ठाऊक आहे का?

हसू नका. मी पत्रकांवर वाढले आहे. बाबा पुण्यात चळवळीची पत्रकं छापायचे आणि त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. भुताखेतांविरुद्धचं पत्रक मला तोंडपाठ होतं. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. तरी गेल्या दसऱ्याला जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

आम्ही सिद्दी. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची लेकरं. विकणाऱ्यांची आणि विकत घेणाऱ्यांची नावं इतिहासात सापडतात. आमच्या माणसांची नावं फक्त आमच्या तोंडात आहेत. कर्नाटकातल्या यल्लापूरच्या रानात दसऱ्याला आमच्या घरी हिरियारू, म्हणजे गेलेले वडीलधारे, जेवायला बोलावतात. त्यांच्या जागी नारळ, समोर केळीची पानं. मग दमामाच्या, म्हणजे आमच्या ढोलाच्या, ठेक्यावर एकेकाचं नाव घ्यायचं, आत्ता गेलेल्यापासून मागे मागे. ती ओळ एरवी उच्चारायची नाही, फक्त वाढलेल्या पानांसमोर. नाव विसरलं की ते माणूस पुन्हा विकलं गेलं, असं आत्या म्हणते.

बाबा गेल्यावर ती ओळ येणारी एकटी आत्याच उरली. ती न्यूझीलंडला, ऑकलंडजवळच्या टाकानिनीत लेकीकडे राहते आणि विसरायला लागली आहे. म्हणून मी त्याच देशातल्या दुसऱ्या बेटावरच्या हॉर्नबीहून, जिथे मी राहते, विमानाने गेले, नावं कानात भरून घ्यायला.

रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी दिवस अजून लख्ख होता. इथली नवी घरं इतकी चिकटून की शेजारच्या चमच्यांचा आवाज यावा. चामड्याचा दमाम काही इथे आणता आला नव्हता, म्हणून आत्तेबहिणीने रंगाची रिकामी बादली पालथी घातली.

"हिरियारू म्हणतील, ही रंगारी कधी झाली," आत्या म्हणाली.

"आई, हळू वाजव हं. नेबर्स आहेत."

"त्यांनाही वाढ मग."

पहिलं नाव बाबांचं. आयुष्यभर याला थोतांड म्हणणाऱ्या माणसाचं पान मी माझ्या हातांनी वाढलं होतं. मग आजोबा, मग त्यांची आई. आत्याचा आवाज खाली उतरत गेला. प्रत्येक नावानंतर ती मान हलवायची, कोणी येऊन बसल्यासारखी. शेजारचा कुत्रा भुंकत होता, तो गप्प झाला. चमचेही.

मग तिने माझं नाव घेतलं.

"आई, ती समोर बसलीये," बहीण म्हणाली. "शी इज राइट हिअर."

जिवंत माणसाचं नाव त्या ओळीत घेत नाहीत. आत्या माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या खांद्यामागे बघत होती.

"ही नव्हे. हिच्याआधीची. जहाजातून उतरलेली." मग मला म्हणाली, "सरक गो बाय, तिला बसू दे."

माझं नाव मराठीही नाही आणि कानडीही नाही. बाबा सांगायचे, परदेशातल्या कुठल्याशा संपात लढलेल्या बाईचं आहे. पिढ्यांची अख्खी ओळ नाकारणाऱ्या त्या माणसाने तिच्यातलं एक नाव उचलून लेकीला ठेवलं होतं, आणि मरेपर्यंत सांगितलं नव्हतं.

मी सरकले. का, ते कुठल्याच पत्रकात नाही.

शेवटचं पान उरलं. त्या बाईच्या बापाचं, जो जहाजात चढलाच नाही. आत्याची बोटं बादलीवर चालत राहिली, तोंड उघडं, नाव येईना. भातावरची वाफ विरली. तिने आमच्या दोघींकडे पाहिलं.

"याला काय म्हणतात गो?"

आम्हाला माहीत नव्हतं.

"दारात उभा आहे," ती म्हणाली. "नावाशिवाय आत कसा येईल तो?"

समोरच्या दाराची काच धुरकट होती आणि बाहेर ऊन होतं. काचेमागे काय आहे ते मी बघितलं नाही. बहिणीनेही नाही. ते पान आम्ही कोणी उचललं नाही, कोणी खाल्लं नाही.

आत्याने नंतर ते नाव पुन्हा शोधलं नाही. ते फक्त तिलाच येत होतं, आता कोणीच शोधू शकत नाही. तुमच्याकडे अशी एखादी आत्या, एखादा काका अजून असेल, तर हे वाचून झाल्यावर दुसरं काही करू नका. त्यांना फोन लावा, सगळ्यात मागचं नाव विचारा, आणि ते त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने स्वतः म्हणा.