मागच्या बाकाचा प्याला

चर्च झाडताना बाकांखाली काय काय सापडतं! बटणं, भुईमुगाची टरफलं, कोणाची तरी दातकोरणी. किस्सेही तसेच साचतात. महाराष्ट्र नवाकोरा होता तेव्हा मलकापूरजवळच्या आमच्या चर्चचा केर मी काढायचो, घंटाही मीच वाजवायचो. शिक्षण चौथी नापास, पण उपदेश सगळे पाठ. खोड्या काढायला ते फार कामी येतात.

०

आमचे पाळकसाहेब गोड बोलायचे. ज्याच्या घरी दुखणं, तिथं जाऊन सांगायचे, "दुःख म्हणजे देवानं दिलेला प्याला. हसत प्यावा."

एकदा साहेबांचीच दाढ सुजली. गालाचं वांगं झालं. मी दारात जाऊन म्हणालो, "साहेब, हसत."

साहेबांनी चप्पल फेकली. नेम चांगला होता.

०

मागच्या बाकावर सगुणा एकटीच बसायची. महारोगानं तिची बोटं झडलेली. आता ती पूर्ण बरी होती आणि डॉक्टरांचं तसं सर्टिफिकेट पिशवीत घेऊन फिरायची. एकदा चुलीवरचं पातेलं उचलताना तिचा तळवा भाजला, तिला कळलंच नाही.

पाळकीणबाई म्हणाल्या, "बघ सगुणा, देवानं तुला वेदनाच ठेवली नाही."

"हो बाई. वेदना नेली, बोटं तं ठेवाले पायजे होते."

त्या संध्याकाळी मी घंटेचा दोर असा ओढला की तुटायचाच राहिला.

०

दर गुरुवारी आमच्याकडे साक्ष असायची. दुःखानं आपल्याला काय शिकवलं, ते एकेकानं उभं राहून सांगायचं. सगळे म्हणायचे, नम्रता. इतकी नम्रता, आणि पुढच्या बाकासाठी रोज भांडणं!

सगुणा उठली. "मले दुःखानं काई नाई शिकवलं. तुम्ही शिकवलं. प्रभुभोजनाले तुमच्या सगळ्याईले चांदीचा एकच प्याला. मले जर्मनचा, अन् तोही शेवटी."

साहेबांनी लगेच गाणं सुरू केलं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "मंग येतं काऊन तू इथं?"

"भाऊ, खिळे ठोकून त्याच्याही हाताची लोकाईनं चाळण केली होती. माये हात पाहून तो तोंड नाई फिरवत. दुखणं आलं नसतं तं मले त्याचे हात कधी दिसले नसते. मी त्याच्याकडं येते, तुमच्याकडं नाई. त्याच्या प्याल्यातला एक घोट पायजे, बस."

०

पुढच्या रविवारी सगुणाचा तो जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, प्याला हरवला. कुठं ते ज्वारीच्या कोठीला माहीत.

प्रभुभोजनात सगळ्यांचा द्राक्षरस पिऊन झाला. सगुणा पुढं येऊन गुडघ्यांवर बसली. साहेबांनी टेबलाखाली पाहिलं, टेबलामागं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी आढ्यावरच्या चिमण्या मोजत होतो. "साहेब, हसत" हे दोन शब्द आठवडाभर तोंडात धरून ठेवले होते.

आमच्याकडे नियम असा, की प्याल्यात उरलेलं फेकायचं नाही. शेवटचा घोट पाळकानंच संपवायचा.

साहेबांनी चांदीचा प्याला पुढं केला. हात इतके थरथरले की रस काठाला आला. सगुणानं आपले दोन्ही पंजे त्यांच्या हातांभोवती धरले.

"सांडन साहेब. मी धरते."

ती डोळे मिटून प्यायली. मग प्याल्यात डोकावली, आणि तो त्यांच्याकडं वळवला.

"घ्या. तुमचा घोट ठेवला हाय."